सपोर्टवर घेतला, एसएल उडाला, मग भाव वर गेला: हे परत परत का होतं?

पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि बाजारही साडेतीनलाच बंद होतो. आमच्या शॉपमध्ये मोबाइल लॉकरला ठेवावा लागतो. त्यामुळे दिवसभरात आपल्या ऑर्डरींचं काय झालं हे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या टपरीवर, चहा हातात आल्यावरच कळतं. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एका सीएनसी ऑपरेटर पोरानं फोन माझ्यापुढं धरला.

"दादा, परत तेच! 410 चा सपोर्ट, 409.90 चा एसएल. भाव 408.60 ला टेकून आला आणि बंद 416. माझा एसएल खाऊनच वर गेला की ओ!"

सपोर्ट म्हणजे पडता भाव जिथं थांबून परत वर वळतो ती जागा. एसएल म्हणजे स्टॉप-लॉस, भाव ठरवलेल्या आकड्याला खाली आला की शेअर आपोआप विकणारी ऑर्डर. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय, आणि एके काळी इतक्यांदा केलीय, की आता सगळं एकदाच लिहून ठेवतो. मी सेबीकडं नोंदणी असलेला सल्लागार नाही, त्यामुळं पोराच्या त्या शेअरचं नाव सांगणार नाही. आकडे सांगतो, आकड्यांवर काम भागतं. आणि हे सगळं डिलिव्हरीत, काही दिवस ते काही आठवडे शेअर धरणाऱ्यांसाठी आहे. पाच मिनिटांच्या चार्टवर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं, करणाऱ्यांना यातलं थोडंच लागू पडेल. सेबीनं जुलै 2024 मध्ये जो अभ्यास जाहीर केला त्यात 2022-23 साली रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांतले सात तोट्यात निघाले होते. नोकरी सांभाळून त्या वाटेला जायचं धाडस माझ्यात नाही.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा

"एसएल उडतो" या एका वाक्याखाली निदान तीन वेगळे आजार लपलेले असतात. एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे, म्हणून उपाय विचारायच्या आधी वही काढा. ज्यांत एसएल लागला असे शेवटचे दहा सौदे घ्या. प्रत्येकापुढं एवढंच लिहा: एसएल लागल्यावर पुढच्या पाच दिवसांत भाव परत माझ्या खरेदीच्या वर आला का?

दहांपैकी बहुतेक वेळा आला असेल तर तुमची जागा बरोबर आहे, मोजमाप चुकतंय. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

बहुतेक वेळा आलाच नसेल, भाव खाली गेला तो गेलाच, तर एसएलला दोष देऊ नका. त्यानं तुम्हाला वाचवलं. महिनोन्‌महिने पडत असलेल्या शेअरमध्ये तुम्ही प्रत्येक जुन्या तळाला सपोर्ट समजून खरेदीला उभे राहताय. अशा माणसानं पुढचं वाचून एसएल लांब नेला तर तोटा फक्त मोठा होईल. त्याला सांगायचं एकच: साप्ताहिक चार्ट उघड, मागचा प्रत्येक तळ त्याच्या आधीच्या तळापेक्षा खाली असेल तर तो शेअर सोड.

तिसरा प्रकार गमतीचा आहे. एसएल लावला होता असं वाटतं, पण तो जागेवर नव्हताच. त्याचं शेवटी बघू.

पोराच्या दहांत सात वेळा भाव परत आला होता. म्हणजे पहिला आजार.

जॉबला शिव्या देण्याआधी गेज तपासा

मी मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. जॉब मापात बसत नसेल तर आम्ही आधी मायक्रोमीटर शून्यावर आहे का ते बघतो. चार्टचंही तसंच. रेघ बरोबर असते, पण ज्या चार्टवर ती मारली तोच वेगळा असतो.

सगळ्यात जास्त घोळ बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिटमुळं (एका शेअरचे तुकडे) होतो, कारण शेअर वाढतात तसा भाव उतरतो. रिलायन्सनं ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस दिला. जुलै 2024 चा वरचा भाव सुमारे 3217 होता. बोनसनंतरच्या समायोजित, म्हणजे मागचे भाव त्या हिशेबानं खाली आणलेल्या, चार्टवर तोच सुमारे 1609 दिसतो. ज्यानं वहीत '3217 रेझिस्टन्स' (चढता भाव जिथं अडतो ती जागा) लिहून ठेवलंय त्यानं तो निम्मा करून लिहिला नाही तर ती नोंद फाडून टाकायच्या लायकीची. हे ढोबळ उदाहरण सहज लक्षात येतं, कंपनीतून एखादा धंदा वेगळा काढतात त्याचं येत नाही. आयटीसीतून हॉटेलांचा धंदा जानेवारी 2025 मध्ये वेगळा निघाला, तेव्हा भावातून तेवढा हिस्सा वजा झाला. काही चार्ट मागचे सगळे भाव त्या हिशेबानं खाली आणतात, काही आणत नाहीत. दोन ॲपवर दोन वेगळे सपोर्ट दिसले तर भांडत बसू नका, समायोजनाची खूण चालू आहे की बंद ते बघा.

दुसरा घोळ बंद भावाचा. एनएसईवर आजवरच्या पद्धतीनं बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी. तीन वाजून तीस मिनिटांचा शेवटचा सौदा त्याहून वेगळा असू शकतो. आपला पोरगा टपरीवर चारच्या आधी जो आकडा बघतो तो बऱ्याचदा शेवटचा सौदा असतो, आणि रात्री चार्टवर दुसराच बंद दिसतो. "410 च्या वर बंद झाला" की "खाली झाला" यावर निर्णय घेणाऱ्याला हे रुपया-दोन रुपये महत्त्वाचे आहेत. मी तर रात्री जेवण झाल्यावरच चार्ट बघतो.

बाकीचे थोडक्यात. एनएसई आणि बीएसईच्या शेपट्या (दिवसात भाव क्षणभर जिथवर जाऊन आला ते दाखवणाऱ्या चार्टवरच्या बारीक रेघा) कमी उलाढालीच्या शेअरमध्ये सारख्या नसतात, जिथं सौदा करता तिथलाच चार्ट ठेवा. फ्युचरच्या (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या) चार्टवर रेघ मारून रोखीत खरेदी करू नका, दोन्हींच्या भावात फरक असतो. आडवी रेघ साध्या आणि लॉग (टक्क्यांच्या हिशेबाच्या) स्केलवर तीच राहते, पण तिरकी रेघ बदलते. म्हणून मी तिरक्या रेघांच्या नादाला फारसा लागत नाही.

पंचगंगेची पातळी आणि 410 ची रेघ

गेज ठीक निघालं, आता मूळ दुखण्याकडं.

मी पोराला विचारलं, "ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास चाळीस लिहिलाय आणि पुढं टॉलरन्स काहीच नाही. जॉब घेशील?" तो हसला. टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते, नसलेलं ड्रॉइंग आमच्याकडं कुणी हातात घेत नाही, कारण नेमका चाळीस जगात कुठलंच मशीन देत नाही. आणि हाच पोरगा 410 ला टॉलरन्स दहा पैसे देत होता!

कोल्हापूरकराला तर हे समजवायची गरजच पडू नये. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण दिवसातून चारदा बघतो. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. दोन आकडे आहेत आणि मध्ये चार फुटांचा पट्टा आहे. पाणी 38 फूट 11 इंचावर असताना 'अजून इशारा नाही' म्हणून नदीकाठचा माणूस झोपत नाही, आणि 39 ओलांडलं की लगेच घर सोडून पळत नाही. त्या चार फुटांत तो सामान माळ्यावर चढवतो, जनावरं हलवतो, पाणी चढतंय की उतरतंय ते बघतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत का ते विचारतो. 43 च्या वर गेलं की मात्र चर्चा नाही. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, महामार्ग शिरोलीतच बुडाला होता आणि आमचं शॉप बंद.

सपोर्ट असाच असतो. वरचा आकडा इशाऱ्याचा, खालचा धोक्याचा, आणि मधल्या जागेत काय चाललंय ते बघायचं.

आता पोराचा शेअर. मागच्या पाच-सहा महिन्यांत भाव तीनदा त्या भागात येऊन वळला होता. मार्चमध्ये नीचांक 406.30, बंद 411. मे महिन्यात नीचांक 409.55, बंद 412. जुलैत नीचांक 407.80, बंद 410.40. त्यानं यातून काय घेतलं? 410. कारण आकडा गोल आहे आणि डोळ्याला गोड दिसतो. मी तीन बंद भावांतला वरचा घेतला, तीन शेपट्यांतली खालची घेतली, आणि 406 ते 412 असा पट्टा रंगवला. तो सहा रुपयांचा, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपासचा. ज्या दिवशी एसएल उडाला त्या दिवशीचा नीचांक 408.60. भाव पट्ट्याच्या मध्याच्या जरासाच खाली गेला होता, तळाला टेकलाही नव्हता. सपोर्ट तुटला नव्हताच, चाचपला जात होता.

पट्टा बेतलेला आहे की उगाच फुगवलाय हे बघायला मी एटीआर (ॲव्हरेज ट्रू रेंज) वापरतो. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये हे माप मांडलं. रोजचा वरचा-खालचा भाव आणि आदल्या दिवसाच्या बंदपासूनची उडी धरून शेअर दिवसाला सरासरी किती हलतो ते यातून निघतं, बहुधा 14 दिवसांचं. या शेअरचा एटीआर होता 9 रुपये. म्हणजे काही बातमी नाही, काही गडबड नाही, साधा मंगळवार आहे, तरी भाव दिवसात नऊ रुपये वर-खाली करतो. पोरानं 413.40 ला घेऊन साडेतीन रुपयांवर एसएल ठेवला होता. शेअरनं नुसता श्वास घेतला तरी तो उडणार. पट्टा एक एटीआरच्या आत बसत असेल तर मला तो कामाचा वाटतो. दोन एटीआर रुंद पट्टा काढून कुणी 'बघ, कसा धरला' म्हणत असेल तर तो स्वतःला फसवतोय.

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं तर निफ्टीचा जुना चार्ट उघडा. 8 जानेवारी 2008 ला निफ्टी 6357 पर्यंत गेला आणि मग जगभरच्या पडझडीत कोसळला. नोव्हेंबर 2010 च्या दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांत 6338 पर्यंत आला आणि परत फिरला. नोव्हेंबर 2013 मध्ये परत मुहूर्तालाच 6343 च्या आसपास आला. म्हणजे 6357 ची काटेकोर रेघ धरून विकायला बसलेल्याला दोन्ही वेळा भावच मिळाला नाही. एकदा 19 अंकांनी हुकला, एकदा 14 अंकांनी. पाच वर्षांनीही बाजाराला ती जागा लक्षात होती, पण अंकाअंकाने नव्हे. डिसेंबर 2013 मध्ये काय झालं ते पुढं सांगतो, कारण ते ब्रेकआउटवाल्यांचं, म्हणजे रेझिस्टन्स ओलांडला की घेणाऱ्यांचं, औषध आहे.

माझाच एसएल कसा दिसतो?

"ऑपरेटरला आपला एसएल दिसतो," हे टपरीवरचं आवडतं वाक्य. हा ऑपरेटर मशीनवरचा नव्हे, भाव खेळवणारा बडा खेळाडू. अरे, तुझे दीडशे शेअर घ्यायला कुणी मुंबईत टपून बसलेलं नाही. पण वाक्यात अर्धी गोम खरी आहे. तुझा एकट्याचा एसएल कुणाला दिसायची गरजच नाही, कारण तुझ्यासारख्या हजारोंचा एसएल तिथंच असणार हे कुणीही ओळखू शकतो.

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत काम करताना कॅरल ऑस्लर यांनी चलनबाजारातल्या खऱ्या ऑर्डरी तपासल्या होत्या. नफा घेऊन बाहेर पडायच्या ऑर्डरी नेमक्या गोल आकड्यांवर साचतात, आणि स्टॉप-लॉस गोल आकड्याच्या जरासं पलीकडं साचतात, असं त्यांना दिसलं. तो बाजार डॉलर-पौंडाचा होता, आपला नव्हे. पण माणसाचा हात तोच. 410 दिसलं की 409.90 टाईप होतं.

तिथं भाव पोचला की हे सगळे एसएल एकदम विक्रीच्या ऑर्डरी होतात. भाव क्षणभर आणखी घसरतो. ज्याला मोठा माल घ्यायचाय त्याला नेमकी अशीच वेळ हवी असते, कारण एरवी एवढे विकणारे एका जागी मिळत नाहीत. त्याचा माल भरला, विक्री संपली, भाव वर. चार्टवर मागं उरते ती खालची लांब शेपटी, आणि त्या शेपटीत आपल्या पोराचे शेअर.

मग एसएल कुठं? पट्ट्याच्या तळाखाली, आणि तिथंही जरा हवा ठेवून. मी एटीआरचा पाव हिस्सा सोडतो. 406 खाली सव्वादोन रुपये म्हणजे 403.75. गोल आकड्याला चिकटून नको, 404.90 नको, 399.95 तर नकोच.

यावर पोराचा लगेच प्रश्न, "मग तोटा तिप्पट होईल की!" बरोबर विचारलं, आणि इथंच बहुतेक जण अडतात. एसएल लांब नेतात, शेअर तेवढेच ठेवतात. मग एक मोठा फटका बसला की परत दहा पैशांच्या एसएलवर येतात.

हिशेब उलटा करायचा. त्याची भांडवल रक्कम 80,000. त्यानं 150 शेअर घेतले होते, साडेतीन रुपये जोखीम धरून 525 रुपये जाणार होते. एवढी जोखीम त्याला झेपते, हे त्यानंच ठरवलेलं. ती तशीच ठेवू. नवा एसएल खरेदीपासून 9.65 रुपये दूर आहे. 525 भागिले 9.65, म्हणजे 54 शेअर. एसएल लागला तरी तेवढेच 520-525 रुपये जातील, पण आता सपोर्ट खरोखर तुटल्याशिवाय तो लागणार नाही.

54 शेअर म्हटल्यावर पोराचं तोंड उतरलं. "दीडशेवरून चोपन्न?" हो. जास्त हवेत तर आणखी खाली घे. 413.40 ला घाई कशाला? भाव पट्ट्यात शिरून 409 ला आल्यावर घेतलास तर जोखीम सव्वापाच रुपये, शेअर शंभर येतात. कधी कधी तिथवर येणारच नाही आणि सौदा हुकेल. हुकू दे.

शिवाय वरची बाजू बघायची. या शेअरचा पुढचा रेझिस्टन्स 441 च्या आसपास होता, म्हणजे वर जायला साडेसत्तावीस रुपये आणि खाली पावणेदहा. चालेल. तोच जर 425 ला असता तर साडेअकरा रुपयांसाठी पावणेदहा लावायचे झाले असते. दलाली, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), विक्रीवरचा डीमॅटचा आकार वजा केल्यावर त्यात चहाचे पैसेही सुटत नाहीत. असा सौदा रेघ कितीही सुंदर असली तरी सोडायचा.

रेघांचं जाळं

पोराच्या चार्टवर मोजल्या, सतरा आडव्या रेघा. एवढ्या रेघा असल्यावर भाव कुठंही वळला तरी कुठली तरी रेघ 'चालली' असं वाटणारच. साप्ताहिक चार्टवर ज्या जागा लांबून, फोन हातभर दूर धरूनही दिसतात, तेवढ्याच ठेवा. साधारण तीन-चार उरतात. ज्या जागेवरून भाव वळताना उलाढाल वाढली नव्हती ती पुसा. ज्यातून भाव गेल्या वर्षभरात चार-पाच वेळा आरपार गेलाय ती तर आधी पुसा, ती आता रस्त्यावरचा फिका पट्टा आहे, गाड्या त्यावरूनच जातात.

एका गोष्टीवर माझं आणि पुस्तकी मंडळींचं जमत नाही. जितक्या वेळा भाव टेकला तितका सपोर्ट भक्कम, असं शिकवतात. दोन-तीनदा टेकला तर मलाही तो खरा वाटतो. पण थोड्या थोड्या दिवसांनी पाचव्यांदा, सहाव्यांदा भाव तिथंच येतोय आणि प्रत्येक उसळी आधीच्याहून बुटकी आहे, तेव्हा मी घेत नाही. तिथं जे घेणारे होते त्यांचा माल भरत आलेला असतो. बंधाऱ्याला पाणी सारखं धडकत राहिलं तर बंधारा मजबूत झाला असं आपण म्हणतो का?

ब्रेकआउटवर घेणाऱ्यांचं तेच दुखणं, फक्त उलटं

रेझिस्टन्स ओलांडला म्हणून घेतला आणि भाव परत खाली. ही तक्रारही त्याच रेघेतून येते. वरच्या काठाऐवजी मधल्या रेघेवर घेतलेलं असतं.

बंद भावाची वाट बघा, असा सल्ला सगळे देतात, मीही देतो. पण तो रामबाण नाही. 9 डिसेंबर 2013 ला, चार राज्यांच्या निकालांच्या दुसऱ्या दिवशी, निफ्टी 6415 पर्यंत गेला आणि 6364 ला बंद झाला. म्हणजे 2008 च्या 6357 च्या वर चक्क बंद! रेघ धरून बसलेल्यांनी घेतलं. फेब्रुवारी 2014 मध्ये निफ्टी 6000 च्या खाली होता. खरा ब्रेकआउट मार्चमध्ये आला, 6500 ओलांडून, आणि मे महिन्यातल्या लोकसभा निकालाच्या दिवशी तो साडेसात हजारांवर पोचला होता.

डिसेंबरच्या त्या दिवसाकडं परत बघा. दिवसाचा उच्चांक 6415 आणि बंद 6364. वर गेलेला भाव टिकला नाही, पन्नास अंक खाली येऊन जुन्या शिखराच्या जेमतेम सात अंक वर बंद झाला. काठावर उभा राहिलेला माणूस पलीकडं गेला असं म्हणत नाहीत. मला ब्रेकआउटला पट्ट्याच्या वरच्या काठापासून निदान अर्धा एटीआर वर बंद हवा, दिवसाच्या वरच्या भागात हवा, आणि उलाढाल नेहमीपेक्षा ठळक जास्त हवी. मग भाव परत त्या काठाला येऊन टेकला तर घ्यायला सगळ्यात बरी जागा, कारण जुना रेझिस्टन्स आता सपोर्टचं काम करतो. परत आलाच नाही तर चारपैकी एखादी गाडी सुटते. एसटी सुटली म्हणून कुणी धावत्या बसच्या मागं पळत सांगलीला जात नाही.

जिथं पट्टा काही करू शकत नाही

साखरेच्या शेअरवर आपल्याकडं सगळ्यांचाच जीव. ऊस आपला, कारखाने आपले, मग शेअर कळणारच, असा समज. 7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारनं 2023-24 च्या हंगामात उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि साखर कंपन्यांचे शेअर धडाधड पडले. आठवड्याभरात मनाई थोडी सैल केली, पण तोवर कित्येकांचे सपोर्ट तुटून गेले होते. चुकीची रेघ मारली होती का? नाही. जुने खरेदीदार ज्या हिशेबानं त्या भावाला घेत होते तो हिशेबच एका आदेशानं बदलला. राधानगरीचे दरवाजे उघडल्यावर कालची पातळी सांगण्यात अर्थ नसतो, तसंच.

म्हणून तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी मी सपोर्टवर नवी खरेदी करत नाही. अर्थसंकल्प, निवडणूक निकाल, रिझर्व्ह बँकेच्या धोरणाचा दिवस, यांनाही तोच नियम. 23 मार्च 2020 ला निफ्टी सुमारे 13 टक्के पडला, सकाळीच लोअर सर्किट लागून 45 मिनिटं बाजार थांबला होता. त्या दिवशी कुणाच्याही चार्टवरच्या कुठल्याही रेघेला काही किंमत नव्हती. अशा दिवसांत शेअर किती घेतलेत एवढंच कामाला येतं.

ऑर्डरीचे घोळ, म्हणजे तिसरा आजार

साधी एसएल ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. साडेतीनला ती रद्द होते, उद्या परत टाकावी लागते. पाळीच्या गडबडीत विसरलात तर एसएल नाहीच. त्यासाठी बहुतेक ब्रोकरांकडं जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड, ठरवलेला भाव येईपर्यंत थांबणारी ऑर्डर) असतं, ते एकदा लावलं की साधारण वर्षभर राहतं. पण त्यातही एक खड्डा आहे. ट्रिगर (ऑर्डर जागी होते तो भाव) 403.75 आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव) 403.50 ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी भाव थेट 395 ला उघडला, तर ट्रिगर होतो पण विक्री होत नाही, कारण 403.50 ला घेणारा कुणी नाही. ऑर्डर लटकते, भाव आणखी खाली. लिमिट बरीच खाली द्या, ट्रिगरपासून तीन-चार टक्के. मिळणारा भाव बाजाराचाच असतो, तुम्ही खाली लिहिला म्हणून कमी मिळत नाही. ऑप्शनवाल्यांनी जास्त जपा, एनएसईनं ऑप्शनमधल्या बाजारभावाच्या एसएल ऑर्डरी सप्टेंबर 2021 पासून बंद केल्यात, तिथं लिमिटवालीच चालते.

आणि जीटीटी लावून शेअर हातानं विकलात तर ते जीटीटी आठवणीनं काढा. मी एकदा नव्हतं काढलं. तीन महिन्यांनी तोच शेअर परत घेतला, आणि जुन्या ट्रिगरनं तो माझ्या नकळत विकून टाकला. आठ दिवस ब्रोकरला शिव्या देत होतो.

परवा पोरानं नवा चार्ट दाखवला. सतराच्या जागी तीन पट्टे, खडूनं ओढल्यासारखे जाड. त्या 406-412 च्या पट्ट्यात तो परत शिरला होता, या वेळी 409.70 ला, 88 शेअर, एसएल 403.75. भाव एकदा 407.20 पर्यंत जाऊन आला होता.

"दादा, त्या दिवशी दुपारभर मशीनवर लक्ष नव्हतं बघा. टिकला पण. आता 421 ला आहे." मग फोन खिशात घालता घालता पुटपुटला, "88 च होते पण."